मोजणाऱ्याने किती घ्यावे?

लिंबाच्या रसात निळा लिटमस लाल होतो, हे शाळेतला कोणताही विद्यार्थी सांगेल. पण रसात सल्फर डायऑक्साइड घातलेला असेल तर? हा वायू लिटमसचा रंगच उडवतो. १९३४ साली कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंज या फळबागायतदारांच्या सहकारी संस्थेतील रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ यांच्यापुढे हीच अडचण होती. हायड्रोजन इलेक्ट्रोडही या वायूमुळे निकामी होत असे.

उरला काचेचा इलेक्ट्रोड. त्याच्या पातळ फुग्याच्या आतील व बाहेरील द्रावांचा सामू वेगळा असला, की काचेच्या दोन बाजूंमध्ये विभवांतर निर्माण होते. २५ अंश सेल्सियसला सामूच्या प्रत्येक एककामागे ते सुमारे ५९ मिलिव्होल्ट असते. मात्र काचेचा रोध प्रचंड, त्यामुळे धारा नगण्य. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलावा म्हणून फुगा मोठा व पातळ करावा, तर तो फुटे.

जोसेफ आपले विद्यार्थिदशेतील स्नेही, कॅलटेकमधील आर्नोल्ड बेकमन यांच्याकडे गेले. बेकमन यांनी काचेऐवजी मापकच बदलला. त्यांनी निर्वात नलिकांचा वर्धक बनवला. नलिकेच्या ग्रिडला विभव ओळखण्यासाठी धारा जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे जाड, मजबूत काच चालू लागली. पुढे जोसेफ दुसरे यंत्र मागायला आले, कारण पहिले त्यांचे सहकारीच वापरू लागले होते! १९३५ मध्ये हे यंत्र बाजारात आले.

नलिकांची जागा पुढे ऑप-अँपने घेतली, तरी प्रश्न तोच राहिला. इलेक्ट्रोडचा रोध १०० मेगओहम धरू. १९६८ मध्ये आलेल्या प्रसिद्ध ७४१ या ऑप-अँपच्या प्रवेशटोकाला साधारण ८० नॅनोअँपिअर धारा लागते. ओहमच्या नियमाने ८ व्होल्टची चूक! ५९ मिलिव्होल्टचा संकेत त्यात बुडूनच जाईल. मॉसफेट प्रवेश असलेल्या सीए ३१४० ला सुमारे १० पिकोअँपिअरच लागतात. चूक १ मिलिव्होल्ट, म्हणजे सामूच्या एककाचा साठावा भाग. तेव्हा अशा मंडलासाठी ऑप-अँप निवडताना तो संकेत किती पटीने वाढवतो याआधी स्वतः किती धारा घेतो, हे पाहावे.

विद्यार्थ्यांना एक गणित द्यावे. १० मेगओहमचा मल्टिमीटर थेट या इलेक्ट्रोडला जोडला, तर विभवांतराचा फक्त अकरावा हिस्सा दिसेल. उरलेला कुठे गेला?