डिझेल की पेट्रोल? बत्तीस रुपयांच्या फरकाचा इतिहास

२४ जून २०२० रोजी दिल्लीत पेट्रोल ७९.७६ रुपये लिटर होते आणि डिझेल ७९.८८ रुपये. राजधानीत डिझेल प्रथमच पेट्रोलहून महाग झाले होते. आठच वर्षांपूर्वी, मे २०१२ मध्ये, त्याच शहरात पेट्रोल ७३.१८ आणि डिझेल ४०.९१ रुपयांना मिळत असे. लिटरमागे बत्तीस रुपयांचा हा फरक कुठे गेला?

मुळात तो तेलाचा नव्हताच. तो धोरणाचा होता. ट्रॅक्टर, शेतातले पंप, मालट्रक आणि एसटी डिझेलवर चालतात, म्हणून सरकारने ते स्वस्त ठेवले. मात्र पंपावर ट्रॅक्टरला एक दर आणि मोटारीला दुसरा, अशी सोय नव्हती. १९९८ च्या अखेरीस टाटांनी पिंपरीत तयार होणारी इंडिका आणली आणि डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. २००७ मध्ये फियाटचे १.३ लिटरचे इंजिन घेऊन डिझेल स्विफ्ट आली.

जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोल नियंत्रणमुक्त केले, डिझेल मात्र मुठीत ठेवले. खरी गोम या अर्धवट निर्णयात आहे. किरीट पारीख समितीने दोन्ही इंधने मोकळी करावीत आणि डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचा जादा कर लावावा, असे सुचवले होते. तो कर आलाच नाही. दरी रुंदावत गेली आणि २०१२-१३ पर्यंत नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या झाल्या.

ग्राहकाचे त्यात चुकले काय? डिझेल गाडी लाखभर रुपयांनी महाग, पेट्रोलचे मायलेज १५ आणि डिझेलचे २० किलोमीटर धरले, तर २०१२ च्या दराने किलोमीटरमागे सुमारे २.८३ रुपये वाचत. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे जादा लाख रुपये तीन वर्षांत वसूल! जून २०२० च्या दराने बचत उरली १.३२ रुपये आणि त्याच वसुलीला लागणार होती सहा वर्षांहून अधिक. त्यात २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला होता.

हे गणित एका रात्रीत मोडले नाही. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. कच्चे तेल घसरत असल्याने त्या दिवशी दर उलट ३.३७ रुपयांनी उतरला आणि ओरड झाली नाही. मे २०२० मध्ये दिल्ली सरकारने डिझेलवरील व्हॅट १६.७५ वरून ३० टक्क्यांवर नेला. जुलैअखेर तो पूर्ववत होताच डिझेल ८.३६ रुपयांनी खाली आले. पण तोवर बाजार बदलला होता: बीएस-६ मानके लागू होताच, १ एप्रिल २०२० पासून, मारुतीने डिझेल मोटारी विकणेच थांबवले होते.