घाटातील ताप

खोपोलीहून खंडाळ्यास चढणारा बोरघाटाचा जुना रस्ता सर जॉन माल्कम हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना, १८३० साली, चाकाच्या वाहनांस खुला झाला; आणि ज्या चढावर पुढे मोटारींच्या कित्येक पिढ्यांची परीक्षा व्हावयाची होती, तो चढ प्रथम बैलांनी आणि घोड्यांनी आपल्या छातीच्या दमावर जिंकला. जनावर थकले म्हणजे आपल्या आपण थांबते. यंत्रास तो विवेक नाही, ते तापत राहते, आणि चालकाने वेळीच ओळखले नाही तर अखेरीस पाणी फेकून उभे राहते.

यंत्राचा हा ताप मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८५ च्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वरचेवर नवे भरावे लागे. १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारख्या घरांचा रेडिएटर मर्सिडीज गाडीस बसविला, तेव्हा थोड्या पाण्यात पुष्कळ उष्णता वाऱ्यावर सोडण्याची युक्ती प्रथम हाती आली. पुढे दाबाचे झाकण आले. सात पौंड दाबाचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू ११० अंशांच्या आसपास नेऊन ठेवते, आणि जेथे उंचीमुळे उघडे पाणी ९८ अंशांसच उकळू लागते त्या खंडाळ्याच्या माथ्यावर या झाकणाचे मोल विशेष असते. म्हणूनच त्याची साधी रबरी चकती झिजली, तर बाकी सर्व सुस्थितीत असूनही गाडी घाटात दगा देते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जी १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली, आणि तिच्या जोडीची अँबॅसडर, या दोन गाड्यांनी महाराष्ट्रातील मिस्त्रीवर्गास तापाचे निदान शिकविले. निदर्शक काटा बंद पडलेला, पुस्तक इंग्रजीत आणि बहुधा मालकाच्या कपाटात. अशा स्थितीत हात, कान आणि नाक हीच ज्यांची उपकरणे, त्या माणसांनी एक शिस्तबद्ध परंपरा उभी केली.

त्या परंपरेचा पहिला शिरस्ता असा, की पान्यास हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारावा : गाडी तापते कुठे? गर्दीत, सिग्नलपाशी उभी असताना तापत असेल, तर संशय पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर, वारा भरपूर मिळत असूनही वेगात तापत असेल, तर गाळाने आणि क्षाराने कोंडलेल्या रेडिएटरवर. चार्जिंगचा लाल दिवा आणि ताप ही दोन्ही लक्षणे एकदम दिसली, तर फॅनबेल्ट तुटला असे निःशंक समजावे, कारण या गाड्यांत पाण्याचा पंप आणि डायनॅमो एकाच पट्ट्याने फिरतात. इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश तळहात फिरविला असता मध्येच थंड पट्टा लागला, तर तेवढ्या नळ्यांतून पाणी वाहत नाही हे कळते. इंजिन कढत असून वरची नळी थंड राहिली, तर थर्मोस्टॅट मिटून बसला आहे. तो काढून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडावा, आणि तरीही उघडला नाही तर बदलावा. पाणी बाहेर कोठे गळत नाही तरी कमी होते, थंड इंजिन झाकण काढून चालू करताच पाण्यात बुडबुडे एकसारखे येतात, आणि ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसतो, ही लक्षणे हेड गॅस्केट उडाल्याची. तेथे पाणी भरून दिवस ढकलणे म्हणजे रोग वाढविणे होय. आणि यांपैकी काहीच आढळले नाही, तर इग्निशनचे टायमिंग मागे पडले आहे काय, हे पाहिल्यावाचून तपास पुरा होत नाही.

याच परंपरेत एक कुरीतीही शिरली, आणि तीही नमूद केली पाहिजे. गाडी तापली की थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकावा, हा उपाय सर्रास झाला. अशाने काटा काही काळ खाली राहतो खरा; परंतु इंजिन योग्य उष्णतेस पोहोचत नाही, पेट्रोल अधिक जळते, सिलिंडर लवकर झिजतात, आणि मूळ कारण तसेच झाकून राहते. ताप हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. लक्षण दडपणारा वैद्य जसा अपुरा, तसाच हा मिस्त्रीही अपुरा.

घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. ज्या धनगराने घाटाची वाट दाखविली अशी लोककथा आहे, त्यास नाणे वाहण्याची चाल चालकांत पडली. ट्रकवाले आणि टॅक्सीवाले घाटात क्षणभर थांबत, त्या विसाव्यात इंजिनासही श्वास मिळे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. या गाड्या ज्यांनी हयातभर सांभाळल्या, त्या मिस्त्रींच्या निदानाचे दप्तर कोणत्याही कचेरीत नाही. ते त्यांच्या तळहातांत आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकाने ते हात निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसावे, विचारावे, आणि ऐकलेले मराठीत लिहून ठेवावे.