विजयदुर्ग, हेलियम आणि सूर्याचे प्रभामंडल : एका आख्यायिकेची चिकित्सा

विजयदुर्गच्या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात याच ठिकाणी हेलियमचा शोध लावला, असे सर्रास सांगितले व छापले जाते. या विधानात दोन भिन्न ग्रहणांची सरमिसळ झाली आहे.

१८६८ च्या ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला हे खरे. तथापि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट दीप्त रेषांचा आहे, म्हणजे त्या तप्त वायूच्या आहेत, हे ग्रहणात स्पष्ट झाले. जान्सेन यांना दुसऱ्याच दिवशी त्या रेषा ग्रहणाविना दिसल्या. लॉकियर यांनी स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधूनच त्या पाहिल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमशी जुळेना, त्यातून हेलियमची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हा वायू रॅमसे यांना १८९५ साली सापडला.

मग विजयदुर्गाचा संबंध कोठे येतो? तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाशी आहे. त्या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले होते आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाच्या कामी लावले होते. साहेब आला, पण तीस वर्षे उशिरा!

या आख्यायिकेमुळे झाकोळले गेले ते जेऊर. सोलापूर जिल्ह्यातील या गावी त्याच दिवशी लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची पथके होती. नायगमवालांनी पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची साधने वापरून प्रभामंडलाचा व वर्णपटाचा अभ्यास केला आणि त्याचा सविस्तर अहवाल पुढे प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन अध्यापकाने अवघ्या दोनेक मिनिटांच्या खग्रास अवस्थेसाठी केलेला हा उद्योग आपल्या विज्ञानेतिहासात फारसा वाचावयास मिळत नाही, ही खेदाची बाब होय.

प्रभामंडलाचा आकार सौरडागांच्या चक्रानुसार बदलतो, हे त्या काळी ठाऊक होते; कारण अज्ञात होते. १९०८ साली हेल यांनी डागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखविले. प्रभामंडलातील गूढ हिरवी रेषा, जी ‘कोरोनियम’ या कल्पित मूलद्रव्याची मानली जाई, ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची असल्याचे ग्रोट्रियन व एडलेन यांच्या कार्यातून १९४० च्या सुमारास सिद्ध झाले आणि तेथील तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे उमगले.

पुण्याची वेधशाळा मात्र तोवर राहिली नाही. नायगमवालांच्या निवृत्तीनंतर १९१२ साली ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना करण्यात आली.