गुण मातीचा की नियमांचा?

परदेशात जुळणी झालेली मोटार भरवशाची आणि तीच मोटार भारतात जुळवली की दुय्यम, हा समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या रुजलेला आहे. या समजाला आधार आहे, पण त्याचे कारण आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली. सुटे भाग बोटीने येत आणि जुळणी येथे होई. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, शुल्क आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने धोरण बदलले. देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही, त्यांना येथे स्थान उरले नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी काढता पाय घेतला आणि बाजार मोजक्या परवानाधारकांच्या हाती राहिला. हेतू स्वावलंबनाचा होता. परंतु स्पर्धा नाही, आयात नाही आणि ग्राहक मात्र वर्षानुवर्षे रांगेत, अशा स्थितीत सुधारणेची निकड कोणाला वाटणार? ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबॅसिडर घडली, ते मॉडेल इंग्लंडमध्ये १९५९ साली बंद झाले. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडर २०१४ पर्यंत निघत राहिली.

आता गुडगावकडे पाहू. १९८१ साली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. व्ही. कृष्णमूर्ती आणि भारतीय प्रशासन सेवेतून आलेले आर. सी. भार्गव यांनी जपानी कार्यपद्धती निष्ठेने राबवली. अधिकारी व कामगार यांचा गणवेश एक, उपाहारगृहही एकच. आरंभी बहुतांश भाग जपानहून येत. पुढे देशी भागांचे प्रमाण वाढत गेले, तरी गाडीचा लौकिक घसरला नाही. १९८७ मध्ये मारुती हंगेरीला निर्यात झाली आणि २०१६ मध्ये येथे घडलेली बलेनो खुद्द जपानमध्ये विक्रीस गेली. देश तोच, कामगारही येथलेच; बदलली ती व्यवस्था.

मात्र कारखाना उत्तम असला म्हणजे सारे साधले असे नव्हे. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅपने भारतीय बाजारातील पाच गाड्यांची धडक-चाचणी जाहीर केली. एअरबॅग नसलेल्या फोक्सवॅगन पोलोला, इतर चौघींप्रमाणेच, प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. दोन्ही भारतात विकल्या जाणाऱ्याच पोलो! फरक जुळणीच्या जागेचा नव्हता. येथील कायदा कशावर समाधान मानतो, याचा होता. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून.

तेव्हा गाडी कोठे जुळवली, हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणत्या शिस्तीत घडली आणि शासनाने किमान किती मागितले, हे विचारायला हवे. उत्पादक नियमाची किमान रेषा पाहूनच खर्च आखतो. ती रेषा ओढणाऱ्या प्रशासकाची दिरंगाई फायलीत दिसत नाही. तिची किंमत रस्त्यावरचा प्रवासी मोजतो.