मोह आणि जन्म : बारामती-इंदापूर परिसरातील ख्रिस्ती शिकवणीची एक कसोटी

मोहाचा प्रतिकार करणे आणि श्रद्धेत अढळ राहणे ही ख्रिस्ती नीतिविचारातील मध्यवर्ती शिकवण होय. तिचा विचार सामान्यतः धर्मशास्त्राच्या अंगाने केला जातो. परंतु कोणतीही नैतिक शिकवण विशिष्ट भूमीत, विशिष्ट माणसांसमोर आणि विशिष्ट कायद्याच्या छायेत दिली जाते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागातील बारामती आणि इंदापूर हे तालुके या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बारामतीस ही शिकवण तिच्या नेमक्या उलट गृहीतकावर उभारलेल्या एका कायद्याच्या सान्निध्यात दिली गेली. त्या सान्निध्याचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम शिकवणीचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या अरण्यातील कसोटीचा वृत्तांत आला आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर त्याच्यापुढे तीन मोह ठेवले जातात : धोंड्यांची भाकर करण्याचा, मंदिराच्या माथ्यावरून उडी टाकून देवाची प्रचीती पाहण्याचा आणि जगाच्या राज्यांसाठी सैतानापुढे नमण्याचा. शेवटच्या दोहोंचा क्रम दोन ग्रंथांत वेगळा आहे. भाकरीचा मोह मात्र दोन्हींत पहिला. पौलाच्या मते मनुष्याच्या शक्तीपलीकडचा मोह त्याच्यावर येत नाही आणि मोहाबरोबर निभावाचा मार्गही असतो. याकोबाच्या पत्रात देव कोणालाही मोहात घालीत नाही, असे प्रतिपादन आहे. या सर्वांतून एक सिद्धान्त निघतो : मोह सर्वांनाच होतो, मोह होणे हे पाप नव्हे, त्यास वश होणे हे पाप होय, आणि वश न होण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असते.

हा विचार मराठीत आणताना शब्दाचा प्रश्न उभा राहिला. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि भुरळ हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यांसाठी 'परीक्षा' आणि 'मोह' असे दोन शब्द वापरावे लागतात. 'परीक्षा' म्हटल्यावर मराठी श्रोत्यास सत्त्वपरीक्षा आठवते. बारामती हे मोरोपंतांचे (१७२९–१७९४) गाव. आख्यान-कीर्तनांतून हरिश्चंद्र आणि श्रियाळ-चांगुणा यांच्या कथा येथील श्रोत्यांच्या परिचयाच्या होत्या. या कथांत भक्ताचे सत्त्व पाहण्यासाठी प्रत्यक्ष देव किंवा ऋषी संकट उभे करतात. याकोबाच्या पत्रातील भूमिका याहून भिन्न आहे. तथापि निष्ठेची किंमत मोजावी लागते, ही कल्पना या श्रोत्यांना परकी नव्हती. नवीन होती ती वेगळीच गोष्ट : ही कसोटी राजास किंवा थोर भक्तासच नव्हे, तर गावकुसाबाहेरील माणसासही असते, आणि ती उतरण्याचे सामर्थ्यही त्याच्या ठायी असते.

या भूप्रदेशात भाकरीचा मोह ही केवळ दृष्टान्तातील गोष्ट नव्हती. नीरा आणि भीमा यांच्या मधला हा पर्जन्यछायेचा मुलूख. इंदापूर तालुक्यात प्रिंगल यांच्या पाहणीने बसवलेला सारा इतका जड झाला की जमिनी पडीक पडल्या. इ. स. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तेथे नवी पाहणी केली, साऱ्याचे दर उतरवले आणि लागवड पुन्हा वाढली. पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीपद्धतीस हाच तालुका आरंभबिंदू ठरला. कुणबी जमीन टाकून जातो, त्याचे कारण त्याच्या स्वभावात नसून त्याच्यावरील बोजात असते, हा इंदापूरचा धडा होता. त्यानंतर इ. स. १८७६–७७ च्या दुष्काळाने आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी दख्खनमध्ये भूक माणसास कोठवर नेते हे दाखवून दिले.

कुणब्याच्या बाबतीत राज्यकर्ते जे शिकले, ते भटक्या जमातींच्या बाबतीत त्यांनी मानले नाही. इ. स. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून मुंबई इलाख्यासही तो लागू झाला. संपूर्ण जमातीस गुन्हेगार म्हणून जाहीर करणे, तिच्या लोकांची नोंद करणे, त्यांना वसाहतीत ठेवणे, हजेरी घेणे आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत घालणे, असे अधिकार सरकारास मिळाले. काही वसाहतींचा कारभार मिशनांकडे सोपविण्यात आला. बारामतीच्या वसाहतीचे काम ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ क्राइस्ट या संप्रदायाच्या मिशनने पाहिले. त्यात मिशनरी स्ट्रटन यांचे नाव प्रमुख आहे.

येथे विरोधाभास स्पष्ट होतो. हा संप्रदाय बालकांचा बाप्तिस्मा मानीत नाही. जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने घेतलेला बाप्तिस्माच तो ग्राह्य धरतो. म्हणजे जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही. कायदा मात्र जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवीत होता. एकाच आवारात उपासनेच्या वेळी माणसास निवडीचे स्वातंत्र्य आहे असे सांगितले जाई आणि हजेरीच्या वेळी ते नाकारले जाई. ज्यास परवान्याविना बाहेर पडता येत नाही, त्याने चोरी केली नाही तर तो मोहाचा विजय की पहाऱ्याचा, हे कोण ठरविणार? प्रतिकाराच्या शिकवणीस अर्थ येण्यासाठी चुकण्याची मोकळीक आवश्यक असते. वसाहतीने तीच काढून घेतली होती.

दुसरा प्रश्न मिशनच्या स्वतःच्या कसोटीचा आहे. दुष्काळी मुलखात ज्याच्या हाती धान्य, शाळा, औषध आणि वसाहतीतील अधिकार असतो, त्याच्या उपदेशास भुकेल्याचा होकार सहज मिळतो. अरण्यातील पहिला मोह भाकरीच्या बळाचाच होता. म्हणून तो वृत्तांत केवळ ऐकणाऱ्यास नव्हे, तर सांगणाऱ्यासही लागू पडतो. याचा अर्थ मिशनचे शिक्षण किंवा शुश्रूषा अप्रामाणिक होती असा नव्हे. अन्य कोणी जवळ करीत नसता त्या माणसांना अक्षरओळख करून देणे ही लहान गोष्ट नव्हती. तथापि दान आणि दबाव यांच्यातील रेषा तेथे पुसट होती, हे नमूद करणे इतिहासकारास प्राप्त आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात ही कसोटी उलट दिशेने आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती त्याबाहेरच राहिले. पश्चिम महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांचे प्रमाण मोठे. त्यांच्यापैकी जे श्रद्धा न सोडता राहिले, त्यांनी तिची किंमत सवलती गमावून मोजली. भाकरीसाठी धर्म घेतला हा आक्षेप त्यांच्या पूर्वजांवर येत असे. भाकर बाजूस ठेवून धर्म राखला, हे या वंशजांविषयी म्हणणे भाग आहे.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि त्या जमातींस 'विमुक्त' हे नाव मिळाले. जन्माचा शिक्का कायद्यातून गेला. लोकांच्या नजरेतून तो त्याच दिवशी गेला नाही. मोह सर्वांनाच होतो या वाक्यातील 'सर्व' या शब्दात सांगणारा, हजेरी घेणारा आणि कायदा करणाराही येतो. बारामतीच्या वसाहतीत हे वाक्य बहुधा एकाच बाजूस उद्देशून उच्चारले गेले. ते दोन्ही बाजूंस लावून वाचले, तरच त्या शिकवणीचा आणि त्या काळाचा न्याय्य निवाडा करता येतो.