अर्ज किती लांबीचा असावा?

विरार पूर्वेला फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चंदनसार लागतं. तिथं आमच्याच इमारतीत राहणारी बारावीची एक मुलगी एका संध्याकाळी चार कागद घेऊन घरी आली. अमेरिकेतल्या कॉलेजांकडे अर्ज करायचा होता आणि अर्जासोबत स्वतःविषयी एक निबंध जोडायचा होता. तिचा प्रश्न एकच होता, ''काका, किती लांब लिहू?''

तिथल्या शेकडो कॉलेजांना चालणारा एक सामाईक अर्ज असतो. त्यातल्या निबंधाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द, अशी मर्यादा २०१३ सालापासून आहे. इंग्लंडात तर शब्द नव्हे, अक्षरं मोजतात, मधल्या मोकळ्या जागा धरून ४,०००. या मुलीचे शब्द नऊशेवर गेले होते. कुणी तिला सांगितलं होतं, साडेसहाशे पुरते भर, नाहीतर आळशी समजतील. दुसऱ्यानं सांगितलं, चारशेत आटप, वाचणाऱ्याला वेळ नसतो. शाळेत आपण 'किमान इतक्या ओळी' असाच निबंध शिकतो, त्यामुळे थांबायचं कुठं हे कुणी शिकवलेलंच नसतं.

जुन्या मराठी पत्रांत मात्र थांबण्याची खूण असे. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रं पाहिली, तर वर शिक्का आणि मजकूर संपला की तळाशी मोर्तबाची लहानशी मुद्रा दिसते. 'मर्यादेयं विराजते' किंवा 'लेखनसीमा' अशी अक्षरं तिच्यावर असत. हेतू अगदी व्यवहारी. मजकूर इथं संपला, याखाली कुणी काही घुसडू नये. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आजही वापरतो तो तिथूनच आलेला. फरक एवढाच, की ती सीमा मजकूर संपल्यावर पडे. आधी आखून दिलेली नसे.

कॉलेजप्रवेशाच्या अर्जाचं आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या वसईच्या खाडीनं वर गेलं की भेटणाऱ्या कल्याणचं आहे. तिथल्या, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती सांगत बसत नाही. मला लक्ष वेधायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. एकच हकिगत वेगवेगळ्या माणसांपुढे वेगवेगळ्या लांबीत मांडावी लागली होती.

पहिलं पत्र त्यांचं नव्हतंच. पोस्टखात्यात नोकरीला असलेल्या गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागत एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. मदत मिळाली नाही. पण पत्र आणि त्याचं उत्तर मिशनरी नियतकालिकात छापून आलं आणि १८८० मध्ये न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी, दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना, ते वाचलं. त्यानंतर या बाईंचा आणि आनंदीबाईंचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. तिथं लांबीचा प्रश्नच नव्हता. मावशीला लिहावं तसं लिहिणं होतं.

मग २४ फेब्रुवारी १८८३. गोपाळरावांची बदली बंगालात सेरामपूरला झालेली. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. लोक जे सहा प्रश्न विचारत होते तेच त्यांनी घेतले. अमेरिकेला का जाता, इथं सोय नाही का, एकटी का, जात वाळीत टाकणार नाही का, संकट आलं तर काय, कुठल्याच बाईनं केलं नाही ते तुम्ही का करता? एकेकाचं उत्तर सविस्तर दिलं. समोर शंका घेणारी माणसं होती, तेव्हा ते सविस्तरच असायला हवं होतं.

आणि २८ जून १८८३. अमेरिकेत उतरून महिनाही झाला नव्हता. रोझेलहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय अठरा. सेरामपूरला जो विरोध सहा प्रश्नांत विभागून समजावला होता, तो इथं एका वाक्याच्या पोटात येतो, आप्तांच्या आणि जातीच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता मी तुमच्या देशात आले आहे, एवढाच. कारण जोन्ससाहेबांना कल्याण-सेरामपूरची भांडणं सोडवायची नव्हती. ही मुलगी डॉक्टर होऊ शकेल का, एवढं ठरवायचं होतं. त्याचं उत्तर त्या देतात. प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित माझ्याकडून पुऱ्या होणार नाहीत, हे आधी सांगून टाकतात. मग प्रकृती चांगली आहे, निर्धार आहे, आणि पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी हे शिकायचं आहे. स्वतःसाठी काही मागत नाही, या कामासाठी लागेल तेवढं द्या.

मला त्यातली उणिवेची कबुली सर्वांत धीट वाटते. प्रकृती चांगली असल्याचं वाक्य मात्र आता वाचवत नाही. ११ मार्च १८८६ ला त्या पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

तर या मुलीचे नऊशे शब्द आम्ही पुढ्यात घेतले. प्रत्येक परिच्छेदाला विचारलं, वाचणाऱ्याला हे अर्जात दुसरीकडे कळणारच आहे का? गुण, बक्षिसं, नाट्यस्पर्धा यांना अर्जात वेगळे रकाने होते. ते गेलं. सुरुवातीला जीवदानीच्या पायऱ्यांवरून दिसणारा सूर्योदय होता, चांगला लिहिला होता, तोही गेला. उरलं ते इमारतीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरचं तिनं वहीत दोन उन्हाळे ठेवलेलं टिपण आणि त्यातून लागलेलं पाण्याच्या अभियांत्रिकीचं वेड. हे सगळं पावणेपाचशे शब्दांत मावत होतं.

''पण अकरावीला भौतिकशास्त्रात गुण पडले होते, ते लिहू की नको?'' तिनं बऱ्याच वेळानं विचारलं. नऊशे शब्दांत त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. तेव्हा मी तिला आनंदीबाईंचं ते पत्र सांगितलं. तिनं गुण का पडले आणि पुढे काय केलं हे चार वाक्यांत लिहिलं. पुन्हा मोजले, तर ५३८ भरले.

''अजून एकशे बारा शिल्लक आहेत, काका.''

म्हटलं, ''राहू देत.''