मास्तरांच्या मुलाचा हिशेब

राजे, लढाया आणि तह यांच्या इतिहासात ज्याला जागा मिळाली नाही, अशा एका माणसाची हकीकत आज सांगतो. अग्नर क्रारुप एर्लांग हे त्याचे नाव. डेन्मार्कमधील लोनबोर्ग या खेड्यात १८७८ साली तो जन्मला. वडील गावच्या शाळेचे मास्तर. कोपनहेगनच्या विद्यापीठात गणित शिकून त्यानेही काही वर्षे शाळांतून शिकवले, आणि १९०८ साली तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीस लागला. मीही पेशाने मास्तरच. तेव्हा या माणसाविषयी मला आपलेपणा वाटावा यात नवल नाही.

कंपनीपुढचा पेच वरवर साधा दिसतो. एका गावातून दुसऱ्या गावाशी शंभर घरचे लोक बोलणार. शंभर तारा ओढाव्यात, तर बहुतेक रिकाम्या लोंबत राहणार आणि खर्च अंगावर येणार. दोनच ओढाव्यात, तर लोक ताटकळणार. मग ओढाव्यात तरी किती? कोण केव्हा बोलेल, हे तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही!

एकट्या माणसाची लहर कळत नसली, तरी हजारोंच्या लहरींना मिळून एक नियम असतो, हे एर्लांगने १९०९ साली दाखवून दिले. १९१७ साली तर त्याने सूत्रच मांडले. तारा किती आणि बोलणे किती हे सांगा; शेकडा किती जणांना 'लाइन मोकळी नाही' असे उत्तर मिळेल, ते हे सूत्र सांगते.

यातली एक गंमत मॅट्रिकपुरते गणित झालेल्या मलाही समजते. एक तार तासभर अखंड गुंतली, की एक माप बोलणे झाले असे धरू. शंभरात एकालाच नकार मिळावा असे ठरवले, तर दहा तारांवर सुमारे साडेचार मापे झेपतात. दोन पेठांना दहा-दहा तारा वेगळ्या दिल्या, तर मिळून नऊ. पण त्याच वीस तारा सामाईक केल्या, तर बारा! तार एकही वाढली नाही. 'माझे-तुझे' तेवढे गेले.

मात्र सामाईक वस्तूला शिस्त लागते. टेलिफोनात ती केंद्र लावी. तार नसली की सरळ नकार. इंटरनेटवर निरोपांचे तुकडे एकाच वाटेने धावतात, आणि वाट तुंबली की काही वाटेतच गळतात. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कली येथे, जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधली ये-जा आठशे पटींनी मंदावली. हरवलेला निरोप जो तो पुन्हा पाठवी. त्याने गर्दी वाढे, आणि आणखी निरोप हरवत. १९८८ साली व्हॅन जेकबसनने तोड सुचवली: प्रत्येक संगणकाने बेताने सुरुवात करावी, निरोप हरवला की आपला भार निम्मा करावा, मग हळूहळू वाढवावा. वरून हुकूम सोडणारा कोणी नाही. ज्याने त्याने स्वतःला आवरायचे.

एर्लांग १९२९ साली वारला. बोलण्याच्या त्या मापाला १९४६ साली त्याचेच नाव मिळाले.

या दिवाळीत आप्तांना शुभेच्छा देताना लाइन लागली नाही, तर रागावू नका. सर्वांना मिळावे म्हणून कोणाला तरी क्षणभर थांबावे लागते. आणि असे थांबणे किती जणांच्या वाट्याला यावे, याचा चोख हिशेब एका खेड्यातल्या मास्तरांच्या मुलाने कधीच मांडून ठेवला आहे.